कारखान्यातली वही आणि माझं वेब ॲप

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात शेडच्या खांबाला एक खिळा मारलेला आहे. खिळ्याला सुतळीने लांबट वही टांगलेली, आणि वहीला दुसऱ्या सुतळीने पेन्सिल. पाळी संपत आली की मुकादम एकेका मागापाशी जातो, उतरवलेला माल मोजतो आणि वहीत लिहितो: माग नंबर, कामगाराचा टोकन नंबर, नग, खराब नग. शनिवारी दिवाणजी ती वही ऑफिसात नेतात आणि कॅल्क्युलेटर घेऊन नगावरची मजुरी काढत बसतात. ते दोन तास त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, चहासुद्धा न विचारता ठेवायचा.

मालकांना ही वही बंद करायची होती. ऑफिसात एक जुना प्रोग्रॅम होता, पण तो एकाच कॉम्प्युटरवर चालायचा आणि ज्याने लिहिला तो माणूस सोलापूर सोडून गेलेला. त्यामुळे मालकांची मागणी सरळ होती. “फोनवर दिसलं पायजे, ऑफिसात दिसलं पायजे, आणि रात्री जुळे सोलापूरला मी घरी बसल्यावर मलापण दिसलं पायजे.” तीन ठिकाणांसाठी तीन प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा ब्राउझरमध्ये चालणारं एकच काहीतरी करावं, इथपर्यंत आमचं पहिल्या चहातच ठरलं. ते कशात लिहायचं, हे ठरायला तीन महिने लागले.

जानेवारी २०२५ची सोलापुरातली गड्ड्याची जत्रा आटोपली आणि मी कामाला लागलो. कामाला म्हणजे, रिॲक्ट घ्यावं की व्ह्यू (ब्राउझरमधल्या स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्टची दोन तयार साधनं), यावर तीन आठवडे घरी बसून डोकं चालवायला. तुलनेचे तक्ते वाचले, व्हिडिओ बघितले. एकदा पुण्याला जायचं होतं तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सोलापूर ते कुर्डुवाडी हेच वाचत बसलो. शेजारचे काका म्हणाले, “परीक्षा आहे का?” आज सांगायला लाज वाटते, पण त्या तीन आठवड्यांत मी कारखान्याच्या शेडमध्ये एकदाही गेलो नव्हतो. ऑफिसात बसून चहा पिऊन आलो होतो, तेवढंच.

इतकं चाचपडण्याला कारण होतं. २०१५ साली मी एका कोचिंग क्लाससाठी हजेरीचं ॲप अँग्युलरजेएस नावाच्या तशाच साधनात लिहिलं होतं. तेव्हा ते इतकं चालत होतं की दुसरा विचारच केला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं, ते नावापुरतंच अँग्युलर. जुना कोड तिकडे न्यायचा म्हणजे जवळपास नव्याने लिहायचा. जुन्याला मिळणारा आधारही डिसेंबर २०२१ अखेर संपला. क्लासच्या सरांना हे समजावताना ते एवढंच म्हणाले, “पण तुम्हीच तर म्हणला होता ना, एकदा केलं की बघायला नको.” म्हणलो होतो खरं. तेव्हापासून मी ताक सोडा, पाणीही फुंकून पितो.

मालकांचा मुलगा पुण्याला एमबीए करून आलेला. त्याचं मत पक्कं होतं: “दादा, रिॲक्टमध्येच करा. उद्या तुम्ही नसलात तर माणूस तरी मिळेल.” मुद्दा बिनचूक होता. सोलापुरात इंजिनिअरिंगच्या कुठल्याही कॉलेजबाहेर उभं राहून “रिॲक्ट येतं का?” विचारलं तर दहातले पाच-सहा हात वर होतील असा माझा अंदाज. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरालाही तेच येत होतं. पण ही पोरं डिग्री हातात पडली की सहा महिन्यांत पुण्याची बस धरतात, आणि का धरू नये? म्हणून माणूस मिळण्यापेक्षा माणूस नसताना काय होईल, याची मला जास्त काळजी होती.

त्यातच फेब्रुवारीत वाचलं की नवा रिॲक्ट प्रोजेक्ट उभा करून देणारं क्रिएट-रिॲक्ट-ॲप अधिकृतपणे निवृत्त केलं गेलं. रिॲक्ट शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंची पहिली पाच मिनिटं त्यावरच असायची, माझ्या स्वतःच्या टिपणवहीचं पहिलं पानही. रिॲक्टवर अन्याय नको. २०१३ पासून ते टिकलंय आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले क्लास कंपोनंट (स्क्रीनचे तुकडे) आजही त्यात चालतात. बदलत राहतं ते भोवतालचं: बांधणीची साधनं, रूटिंग (कुठल्या पत्त्यावर कुठली स्क्रीन दाखवायची ते), साठवणीच्या पद्धती. मी दीड वर्ष न उघडलेला एक जुना प्रोजेक्ट मुद्दाम उघडून चालवून बघितला. नोड (ही साधनं चालवणारा प्रोग्रॅम) नवं, पॅकेजेस जुनी. संध्याकाळभर लाल अक्षरं बघून लॅपटॉप मिटला. कारखान्याचं ॲप एकदा बसलं की वर्षभर कुणी त्याला हात लावणार नाही. मग एक दिवस मालक फोन करतील, “एक रकाना वाढवा की,” आणि तो एका दुपारी वाढला पाहिजे.

शेवटी मी एकच स्क्रीन, पाळीच्या नोंदीची, तीन पद्धतींनी बनवायला घेतली: एक रिॲक्टमध्ये, एक व्ह्यूमध्ये, आणि एक जँगोमध्ये (पायथन भाषेतली, सर्व्हरवर चालणारी चौकट) एचटीएमएक्स (पानाचा तुकडा बदलणारी छोटी स्क्रिप्ट) लावून. घरच्या वायफायवर तिन्ही सारख्याच वाटल्या. व्ह्यूचा कोड मला वाचायला सगळ्यात आवडला. तेच घ्यावं असं जवळजवळ ठरवूनही टाकलं होतं.

आणि मग मी एकदाचा शेडमध्ये गेलो.

एप्रिलचा दुसरा आठवडा. बाहेर ऊन चाळिशीच्या वर, आत त्याहून जास्त. टॉवेलच्या शेडमध्ये कापसाची बारीक लव सतत उडत असते. दहा मिनिटांत भुवया पांढऱ्या होतात. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर. मी मुकादमाच्या फोनवर तिन्ही स्क्रीन एकामागून एक उघडायचं म्हणत होतो. त्यांचा फोन जुना, दोन जीबी रॅमचा, काचेला उभी चीर. रिॲक्टची स्क्रीन उघडली, पण उघडताना जो पांढरा पडदा राहिला तेवढ्यात त्यांनी दोनदा मागे आणि एकदा पुढे दाबलं होतं.

“काय सर, हे गोल गोल काय फिरायलंय?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात वीज गेली. मागांच्या दोन्ही ओळींचा आवाज एकदम थांबला आणि कानात शिट्टी वाजत राहिली. कामगार पाणी प्यायला उठले. मुकादमांनी फोन माझ्या हातात परत दिला, खांबाकडे गेले आणि वही काढली. पहिल्या मागापासून मोजायला सुरुवात.

मी विचारलं, “अन्ना, आत्ता कशाला? पाळी तर संपली नाही अजून.”

“हाच तर आमचा टाइम हाय. लाइट असल्यावर माग सोडून लिहीत कुठं बसू? धागा तुटला की तिकडं पळायचं. लाइट गेली की निवांत.”

मी माझ्या फोनकडे बघितलं. वायफायची खूण गेलेली. शेडमधला वायफायचा डबा शेडच्याच लाइनवर होता. म्हणजे मुकादमाला लिहायला सवड मिळते ती वीज नसताना, आणि माझं ॲप बंद पडणार तेही नेमकं तेव्हाच. माझ्या तीनही स्क्रीन त्या मिनिटाला सारख्याच निकामी होत्या. खिळ्याची वही चालू होती.

कुणी म्हणेल, यूपीएस लावा. लावला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आणि शेडच्या डब्याला, दोन्हीकडे. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि सगळं दहा मिनिटांत बसलं. जाऊन बघतो तर यूपीएसच्या रिकाम्या भोकात दिवाणजींचा टेबलफॅन. त्यांना काय बोलणार? मीच तिथे पाच मिनिटं वारा खात बसलो.

तर त्या शेडमधल्या दिवसानंतर माझा प्रश्नच बदलला. आधी विचारायला हवं होतं ते मी आता विचारू लागलो: माहिती राहणार कुठे, आणि तिथपर्यंतचा रस्ता तुटला तर काय?

पहिला पर्याय नेहमीचा, बाहेर कुठेतरी भाड्याचा सर्व्हर. पण पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलची एकच दांडी येते आणि एमआयडीसीत रस्ता खोदला की फायबर तुटतं, हे तिथल्या कुणालाही विचारा. शिवाय चलनाचं होतं. माल पाठवताना तीन प्रतींचं चलन निघतं, कार्बनच्या छापील कागदावर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. ब्राउझरमधून छापायला गेलं की तो पान चित्रासारखं छापतो. प्रिंटर कण्हत एकेक रेघ ओढत बसतो आणि चौकटीतला आकडा चौकटीबाहेर पडतो. ब्राउझर सहसा प्रिंटरशी थेट बोलत नाही, त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या छपाईच्या वाटेनेच जावं लागतं. सर्व्हर ऑफिसातच असेल तर मात्र तोच प्रिंटरला सरळ अक्षरं पाठवू शकतो, जुन्या प्रोग्रॅमसारखी. (त्यासाठी चलन इंग्रजीत ठेवावं लागलं. त्या प्रिंटरच्या पोटातल्या अक्षरांत देवनागरी नव्हती.) म्हणून एक लहान कॉम्प्युटर ऑफिसातच ठेवला, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट, म्हणजे सगळी माहिती एका फाइलमध्ये. रोज रात्री त्या फाइलची प्रत बाहेर जाते आणि मालक घरी बसून ती बघतात. त्यांना मिनिटामिनिटाचे आकडे हवेत असं मी धरून चाललो होतो. विचारल्यावर म्हणाले, “छे, जेवण झाल्यावर एकदा दिसलं की बास.”

आता शेडची स्क्रीन. जाळं (नेटवर्क) नसतानाही पान उघडलं पाहिजे, नोंदी फोनमध्ये साठल्या पाहिजेत आणि जाळं आलं की आपोआप गेल्या पाहिजेत. याची सोय ब्राउझरमध्ये आहे. सर्व्हिस वर्कर नावाची एक छोटी स्क्रिप्ट पान फोनमध्ये धरून ठेवते, आणि इंडेक्स्ड-डीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्याच साठवणीत, नोंदी ठेवता येतात. दोन रात्रींत घरी जमलं. लॅपटॉपवर वायफाय बंद करून बायकोला दाखवलं, तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोनवर उघडलं तर काहीच चालेना. पान जाळ्याशिवाय उघडत नव्हतं, आणि जाळं असताना “जतन करा” दाबलं तरी ढिम्म.

फोन केबलने लॅपटॉपला जोडून आत काय चाललंय ते बघितलं. एकच लाल ओळ होती: रँडम-यूयूआयडी नावाचं फंक्शनच अस्तित्वात नाही. प्रत्येक नोंदीला वेगळा ओळखक्रमांक द्यायला मी ब्राउझरचंच ते फंक्शन वापरलं होतं. तेच काल घरी चालत होतं. तोच क्रोम, तोच कोड. अर्धा तास मी फोनच्या जुनेपणाला दोष दिला, मग माझा स्वतःचा नवा फोन लावला. त्यावरही तेच.

कारण असं की ब्राउझर काही सोयी फक्त सुरक्षित पत्त्यावरच देतो, म्हणजे एचटीटीपीएसवर. सर्व्हिस वर्कर त्यातच येतो, ते ओळखक्रमांकाचं फंक्शनही. अपवाद एकच: लोकलहोस्ट, म्हणजे ज्या मशिनवर सर्व्हर चाललाय त्याच मशिनवर उघडलेलं पान. घरी मी लॅपटॉपवर लिहून लॅपटॉपवरच बघत होतो, म्हणून सगळ्या सोयी हजर. कारखान्यात फोन १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जात होता, साध्या एचटीटीपीने, आणि तिथे त्या सोयी जणू नव्हत्याच. तीन आठवडे जे तक्ते वाचले त्यांत वेगाचे आलेख होते, लोकप्रियतेचे होते, हे कुठेच नव्हतं. आणि हे रिॲक्टला लागू आहे, व्ह्यूला आहे, हाताने लिहिलेल्या जावास्क्रिप्टलाही आहे.

उपाय निघाला, पण वळणाचा. एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, विकत घेतलं, त्याची नोंद ऑफिसातल्या मशिनच्या खाजगी पत्त्याकडे वळवली. एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं. मशिन बाहेरून दिसत नसलं तरी डोमेन आपलंच आहे हे डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) एक मजकूर टाकून सिद्ध करता येतं. प्रमाणपत्राची मुदत तेव्हा ९० दिवस होती, म्हणून ते आपोआप नवं होईल अशी स्क्रिप्ट लावली. फोनवर कुलपाची खूण आली तेव्हा मी एकट्यानेच चहा मागवला.

पंधरा दिवसांनी फायबर तुटलं. आता बाहेरच्या इंटरनेटशी माझ्या ॲपचा काय संबंध? सर्व्हर ऑफिसात, फोन शेडमध्ये, मध्ये आपलाच वायफाय. तरी नोंदी जाईनात. फोन नाव घेऊन पत्ता विचारत होता बाहेरच्या डीएनएसला, आणि बाहेर जायची वाट तुटलेली. दहा पावलांवर बसलेल्या माणसाचं घर विचारायला मुंबईला फोन लावावा, आणि लाइन लागू नये, तसं. शेवटी त्या नावाचं उत्तर ऑफिसातलंच मशिन देईल अशी व्यवस्था केली. एक बरं झालं, त्या दिवशी एकही नोंद हरवली नाही. मुकादमांच्या फोनमध्ये ४२ नोंदी रांगेत थांबून होत्या, आणि रात्री सगळ्या एकदम आल्या.

हे सगळं होईपर्यंत रिॲक्ट की व्ह्यू हा प्रश्न मागे पडला होता. आता नीट दिसत होतं की मला बनवायच्या आहेत त्या दोन वेगळ्या वस्तू. ऑफिसातला भाग म्हणजे रकाने आणि तक्ते: कामगार, माग, दर, सुताचा साठा, चलन, आठवड्याची मजुरी. सर्व्हर तिथे भिंतीपलीकडे आहे आणि दिवाणजी एकटेच बसतात. तिथे जँगो घेतलं. ते २००५ पासून आहे, फॉर्म तपासणं, लॉगिन, नोंदी दुरुस्त करण्याची स्क्रीन हे सगळं त्यात आयतं येतं. योगायोगाने त्याच एप्रिलमध्ये ५.२ ही आवृत्ती आली, जिला तीन वर्षं, २०२८च्या एप्रिलपर्यंत सुरक्षेची दुरुस्ती मिळणार आहे. पान पूर्ण न बदलता तेवढाच तुकडा बदलायचा असेल तिथे एचटीएमएक्स. त्याची पद्धत मला पटली: बटणावरच लिहायचं की दाबल्यावर सर्व्हरकडून काय आणायचं आणि पानात कुठे ठेवायचं. सर्व्हर तयार एचटीएमएल पाठवतो, ब्राउझर ते जागेवर बसवतो. बांधणीची साधनं नाहीत, नोड नाही. एक छोटी फाइल, ती मी मशिनवरच उतरवून ठेवली आहे.

पण शेडच्या स्क्रीनला एचटीएमएक्सचा उपयोग नाही, हेही सांगायला हवं. प्रत्येक तुकड्यासाठी ते सर्व्हरला विचारणार, आणि तिथे सर्व्हर नसतानाच काम आहे. ती एक स्क्रीन मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिली, साडेतीनशे ओळी. खरं सांगायचं तर तिथे व्ह्यू शोभलं असतं. रांगेतल्या नोंदी दाखवणं, गेलेल्या हिरव्या करणं, हे हाताने लिहिताना मी दोनदा स्वतःच्याच गाठीत अडकलो. एका स्क्रीनसाठी आणखी एक वस्तू सांभाळायला नको म्हणून टाळलं. उद्या तिथे दुसरी स्क्रीन वाढली तर मी व्ह्यू आणेन, माझा हट्ट नाही.

त्याच स्क्रीनवर एक चूक महागात पडता पडता राहिली. पहिल्या शनिवारी दिवाणजी म्हणाले, “एकोणीस नंबरच्या मागावर एवढा माल निघूच शकत नाही.” त्यांना यंत्राआधी कळलं, कारण तीस वर्षं ते आकडे बघतायत. एकाच पाळीची नोंद दोनदा आली होती. नोंद सर्व्हरला पोचली, पण पोचल्याची पावती फोनला मिळायच्या आत वायफाय गेलं, म्हणून फोनने ती पुन्हा पाठवली. ओळखक्रमांक फोनच देत होता ते बरं, नुसता सर्व्हरवर तपासायचा राहिला होता. आता तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर “मिळाली” म्हणतो आणि विसरून जातो. आणखी एक: आपण जाळ्यावर आहोत का, हे ब्राउझरला विचारलं तर तो वायफायला जोडलेलं आहे एवढ्यावरच “हो” म्हणतो. त्या “हो”वर विसंबू नये. मी दर थोड्या वेळाने पाठवून बघतो, गेलं तर गेलं.

आकड्यांची गंमत वेगळीच. फोनचा कीबोर्ड मराठी असला की मुकादमांच्या बोटातून कधी 12 जायचं, कधी १२. ऑफिसच्या बाजूला पायथन आहे, ते १२ला निमूटपणे बारा समजतं. देवनागरी अंक त्याला परके नाहीत. जावास्क्रिप्ट मात्र १२ बघून “हा आकडा नाही” असं म्हणून मोकळं होतं. त्यामुळे ऑफिसातून भरलेली नोंद बरोबर आणि शेडमधून भरलेली तीच नोंद रिकामी, असा खेळ दोन दिवस चालला. दहा अंकांची अदलाबदल करणारी चार ओळींची दुरुस्ती पुरली. मग मी कीबोर्डच काढून टाकला आणि स्क्रीनवर कॅल्क्युलेटरसारखी मोठी बटणं ठेवली. तेलाच्या अंगठ्याने दाबता येतील एवढी. कामगारांच्या नावांऐवजीही टोकन नंबरच ठेवला. एका पाळीत तीन श्रीनिवास आहेत.

ऑफिसातही एक झटका बसला. दिवाणजींचा कॉम्प्युटर विंडोज ७चा, आणि त्यावर क्रोम १०९च्या पुढे जात नाही, २०२३ पासून तिथेच थांबलेलं. मी सीएसएस (पानाची सजावट ठरवणारे नियम) नव्या पद्धतीने, नियमांच्या आत नियम घालून लिहिलं होतं. ते क्रोमला ११२ पासून कळतं. माझ्याकडे देखणं दिसणारं पान त्यांच्याकडे पांढऱ्या कागदावर ओतलेल्या मजकुरासारखं. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, असंच असतं. आठवडाभर ते तसंच वापरत होते, मी सहज मागे जाऊन उभा राहिलो म्हणून कळलं. कॉम्प्युटर बदलायला मालक तयार होते, पण तोवर मीच सीएसएस जुन्या वळणाने लिहून दिलं.

मालकांच्या मुलाची नाराजी अजून आहे. त्याला स्क्रीन सरकत, विरघळत बदललेली आवडते, आणि माझं पान आपलं तक्ता दाखवून गप्प बसतं. माझ्याकडचा पोरगाही पहिल्यांदा कुरकुरला, “सर, रेझ्युमेवर काय लिहू बे मी?” (सरांनाही ‘बे’ म्हणतो, आमच्याकडे चालतं.) मी त्याला रांगेतल्या नोंदी आणि दुबार नोंदीचा भाग लिहायला दिला. मुलाखतीत त्यावर वीस मिनिटं बोलला म्हणे. जुलैत गेला पुण्याला.

सध्या शिलाई विभागाचं काम काढलंय. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांना आपापले नग भिंतीवरच्या टीव्हीवर दिसायला हवेत, म्हणजे संध्याकाळी मोजणीवरून वाद नको. त्यासाठी सर्व्हरने आकडे सतत ढकलत राहायचं की टीव्हीवरच्या पानाने दर अर्ध्या मिनिटाला विचारायचं, यावर मी या वेळी तक्ते वाचले नाहीत. मंगळवारी जाऊन शिलाईच्या खोलीत दोन तास बसलो. एका अक्काला विचारलं, आकडा किती लवकर बदलायला हवा? ती सुईत दोरा ओवत म्हणाली, “एक डझन झालं की बदलू दे की, अधनंमधनं कोण बघतंय?” मी दर अर्ध्या मिनिटाला विचारणारं लावून आलो.